बोल उचलणारा

"सर, त्या चारशे जणांना पगार होता का?"

दीपालीनं विचारलं आणि वर्गात खसखस पिकली. वर्ग म्हणजे सहा जण, त्यातले दोघं उन्हाला कंटाळून आत येऊन बसलेले. धनाजी फळ्यावर 'मीखाया' हे नाव लिहीत होता. शेवटचा काना देता देता हात अडला आणि खडू मोडून खाली पडला. अहाब राजाला लढाईवर जायचं होतं, त्यानं पदरचे चारशे संदेष्टे गोळा केले, देवाचं मत विचारलं, आणि चारशेच्या चारशे म्हणाले, जा, जिंकशील. पाहुण्या राजाला शंका आली तेव्हा अहाब तोंड वाकडं करून म्हणाला की आणखी एक आहे मीखाया म्हणून, पण तो माझ्याविषयी कधी बरं बोलत नाही. इथवर सांगून झालं होतं आणि पुढचं सांगायला धनाजीला मनापासून आवडायचं. "म्हणजे?" त्यानं फळ्याकडं बघतच विचारलं. "म्हणजे राजाच्या पदरी होते म्हणलात ना तुम्ही," दीपाली म्हणाली. ती परंड्याची, इथं वसतिगृहात राहायची, आणि शंका आली की हात वर न करताच बोलायची. "पगारी असले तर चारशे जण एकच बोलणार की सर. त्यात देवाचं काय आलं?" पुन्हा हसू झालं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. धनाजीनंही हसल्यासारखं केलं, हाताची भुकटी झटकली, "चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू" म्हणाला, आणि तास संपायला अवकाश होता तरी पुस्तक उचलून बाहेर पडला.

जिना उतरताना त्याला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, हिला कुठून कळणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. चैत्राचं ऊन आवारात नुसतं ओतत होतं. खाली अध्यक्षांच्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराखालून गार हवा पायांना लागत होती. परवा ह्याच दाराआड युवराजदादांनी त्याला बसवून घेतलं होतं. युवराज हे संस्थेच्या अध्यक्षांचं नाव, आणि ते धनाजीच्याच वयाचे. एकेरीत बोलायला हरकत नव्हती, पण ते त्याला 'सर' म्हणायचे. त्या 'सर'चं धनाजीला नेहमी भय वाटायचं. शिव्या देणारा माणूस बरा, तो निदान आपल्याला ओळखतो असं वाटतं. "सर, खोटं सांगा असं मी म्हणत नाही," युवराजदादा म्हणाले होते, पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं सरकवत. "माझाही देवावर विश्वास आहे. माळावर पवनचक्क्या आल्या तर वाडीला रस्ता होईल, पोरांना काम लागेल. तुमची घरं म्हणतात, आधी भाकणूक होऊ द्या. होऊ द्या की. फक्त देवाच्या तोंडून चांगलं निघावं. वडलांचा घसा गेलाय, बोल तुम्हीच उचलता म्हणे." मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत: "मुलाखती मे महिन्यात घेतोय. कायम जागा एकच आहे. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे." धनाजी म्हणाला होता, "बघतो." आयुष्यात तो अडचणीच्या प्रत्येक वेळी हेच म्हणत आला होता, आणि बहुतेकदा कुणीतरी दुसराच बघून मोकळा होत असे.

स्टँडवर बेंबळीची गाडी लागलेली होती. तो खिडकीपाशी बसला, पुस्तक मांडीवर घेतलं. जाड, काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र. ग्रंथालयात कित्येक वर्षं कुणी हात न लावलेलं. अभ्यासक्रम बदलला, पश्चिम आशियाच्या इतिहासात 'इस्राएलचे राजे आणि संदेष्टे' असा एक भाग आला आणि विभागातल्या कायमच्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. जे कुणालाच नको ते तासिका तत्त्वावरच्या माणसाकडं जातं. तासिका तत्त्व, ह्या धंद्यात तत्त्व म्हणून एवढं एकच. त्यानं नाइलाजानं पुस्तक उघडलं होतं आणि आठवड्याभरात त्याची झोप उडाली होती. परकं म्हणून वाचायला बसावं आणि पानापानावर आपलीच वाडी भेटावी असं झालं. शौल नावाचा एक उंच पोरगा बापाची हरवलेली गाढवं हुडकत डोंगर पालथे घालतो, शेवटी गडी म्हणतो की इथं एक देवमाणूस आहे, त्याला विचारू. पण हात हलवत कसं जायचं, काहीतरी न्यायला पाहिजे. धनाजीनं पुस्तक मिटून ठेवलं होतं तेव्हा. लहानपणी त्याच्या अंगणात अशी माणसं रोज यायची. कुणाचं मेंढरू गेलेलं, कुणाची म्हैस. हातात खोबऱ्याची वाटी घेऊन ती त्याच्या वडलांपुढं, आबांपुढं बसायची, आणि आबा डोळे मिटून म्हणायचे, वढ्याच्या अंगाला बघा. शौलाला गाढवं मिळाली आणि वर राज्यही मिळालं. आबांनी कुणाला राज्य दिलं नाही, पण मेंढरं मात्र बरीच परत आणली.

गाडी हलली. खिडकीतून डिझेलचा आणि तापलेल्या रेग्झिनचा वास, गावाबाहेरच्या प्लॉटच्या पाट्या, मग काळी रानं. हरभरा निघून गेलेला, जमीन भेगाळून पडलेली. चारशे जणांना पगार होता का. पगार म्हणून लिहिलेलं नाही, पण अहाबाच्या ईजबेल राणीच्या पंक्तीला शेकडो संदेष्टे जेवत असत असं एका ठिकाणी आहे. म्हणजे जेवण होतं. दीपालीला तेवढं सांगता आलं असतं. ती लगेच म्हणाली असती, मग झालं की सर. आणि मीखायाला बोलवायला जो माणूस गेला, त्यानं वाटेत त्याला काय सांगितलं? की बाबा, सगळे एकमुखानं राजाला बरं तेच सांगतायत, तुझाही शब्द त्यांच्यासारखा असू दे. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला मीखायाची काळजीच असावी. त्यानंही पाण्याचा पेला पुढं सरकवला असेल. गेले चार महिने धनाजी हे राजे आणि संदेष्टे शिकवत होता, परीक्षेला येईल म्हणून अधोरेखित करून देत होता, आणि त्या गोष्टीत आपण कोण ह्याचा विचार त्यानं मोठ्या हौसेनं केला होता. आपण मीखाया आहोत अशी त्याची समजूत होती. आज त्या पोरीनं विचारलं आणि त्याला कळलं की आपण चारशे एकावे आहोत, आणि तेही अजून कायम न झालेले.

भाकणूक त्याच्या घराण्यात किती पिढ्या होती हे कुणी सांगू शकत नव्हतं. चैत्रातल्या जत्रेला, बाहेर हिंडणारे कळप वाडीला परत आले की बिरोबाच्या देवळापुढं हरिबाच्या, म्हणजे आबांच्या, अंगात यायचं आणि ते येणाऱ्या सालाचं सांगायचे. पाऊस, पीक, रोगराई, मेंढरांचं काय, माणसांचं काय. आबांचा आवाज असा की माळाच्या पलीकडची मेंढरं कान टवकारायची. मग गेल्या वर्षी घशातली गाठ काढली आणि आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज, कान तोंडाशी नेला तर कळेल अशी. वाडीत मोठा पेच पडला. देव येणार, पण ऐकू कसा येणार. देवाच्या तोंडाला माइक लावायला म्हातारी माणसं तयार नव्हती. शेवटी पंचांनी ठरवलं की हरिबानं बोलायचं आणि पोरानं बोल उचलायचा, माइकवरून जसाच्या तसा सांगायचा. शिकलेलं पोरगं आहे, चुकायचं नाही. धनाजी आधी हसला होता. तो इतिहासाचा माणूस, देव मानतो की नाही हे त्यानं स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. पण गेल्या साली चौथऱ्यावर आबा त्याच्याकडं वळले तेव्हा त्यांचे डोळे त्याच्या आरपार गेले होते. भट्टीपुढं उभं राहिल्यासारखा श्वास कानावर आला होता. "कोन तू?" असं त्यांनी विचारलं होतं, स्वतःच्या पोराला. आणि मग पावसाचं सांगितलं, ते त्यानं माइकमध्ये म्हटलं, आणि आपल्याच तोंडून निघालेला शब्द आपला नाही हे अंगावर काटा येऊन कळलं. त्यावर त्यानं कुणाशी चर्चा केली नाही. अशा गोष्टीला संदर्भग्रंथ नसतो.

तेव्हा आता युवराजदादांना हरिबाला गाठायची गरजच नव्हती. हरिबा काहीही बोलू दे. कुजबुज एकट्या धनाजीला ऐकू येणार. मध्ये वीतभर हवा, आणि त्या हवेत वाटेल ते करता येतं. पाप म्हणावं तर देव मानायला पाहिजे. देव मानत नसशील तर दोन वाक्यं इकडची तिकडं केली म्हणून काय बिघडतं? रस्ता होईल, दिवे लागतील. कायम झाला तर बायकोला, शिवकन्येला, दर जूनमध्ये नेमणूक होते की नाही म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागणार नाही. बेंबळीच्या अलीकडं वाऱ्याचा एक गरम झोत खिडकीतून आला आणि पुस्तकाची पानं फडफडून आमोस नावाच्या संदेष्ट्याच्या गोष्टीपाशी उघडली. राजाचा पुरोहित त्याला म्हणतो, निघ इथून, तुझ्या मुलखात जाऊन भविष्य सांग आणि तिकडंच भाकर खा. तो म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी आपला मेंढरांमागचा माणूस. धनाजीनं पान दाबून धरलं. ह्यातलं एकही वाक्य त्याला म्हणता येण्यासारखं नव्हतं. मेंढरं त्यानं सोडलेली, आणि संदेष्ट्याचा मुलगा तर तो होताच.

वाडीत शिरताना पहिल्यांदा वास येतो. लोकरीचा, लेंड्यांचा, ताकाचा. कळप आलेले होते. शिवकन्या आणि पोरगी कालच पुढं आल्या होत्या. चुलीपाशी बायांच्या घोळक्यात शिवकन्या भाकरी थापत होती, तिनं नुसती मान हलवली. हरणाबाई आत्या उंबऱ्यात बसून करडाला पाजत होत्या. आबांची ही थोरली बहीण, नवरा गेल्यावर इथंच राहिलेली, आजही कळपामागं चालणारी. "आलास व्हय," त्या म्हणाल्या. "तोंड का असं वाळलंय रं? शाळा लई शिकवतोस का?" कॉलेजला त्या शाळाच म्हणायच्या. "ऊन हाय, आत्या." "ऊन काय आज पडलंय व्हय." त्यांनी करडू दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडं बघायचं थांबवलं.

आबा वाड्याच्या सावलीला, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणाच्या सावलीला, घोंगडीवर बसले होते. भाकणुकीची काठी मांडीवर घेऊन तिला तेल चोळत होते. काठीच्या टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. त्या घुंगरांना एरवी हात लावायचा नाही. धनाजी शेजारी बसला आणि बोललेलं कळावं म्हणून वाकला. आबांच्या गळ्यावरचा व्रण उन्हात गुलाबी दिसत होता. "मुलाखत कवा हाय म्हनली शिवकन्या?" आबांनी कुजबुजत विचारलं. "मे महिन्यात." "त्यो युवराजच घेनार?" "तेच अध्यक्ष हायेत, आबा." "हं." तेलाचा हात वर गेला, खाली आला. "काय म्हनत व्हता त्यो? शिवकन्येला समदं ठावं हाय, मला बी ठावं हाय." धनाजीनं तोंड उघडलं. तुम्ही मनावर घेऊ नका, देव म्हणेल तेच म्हणा, असं तो म्हणणार होता. किंवा आबा, एवढं एक साल माझ्यासाठी, असं म्हणणार होता. ह्यातलं कुठलं बाहेर येईल हे त्याला खरोखर माहीत नव्हतं आणि त्याची त्याला भीती वाटली. तो म्हणाला, "तेल कुठलं आनलं?" "करडीचं," आबा म्हणाले. आत एक मेंढी खोकली. "लई वर्सं झाली रं तुला तसंच लटकून," आबा म्हणाले. "जा, आंघुळ कर. खाऊ नकोस काई. बोल उचलनाऱ्यानं उपाशी ऱ्हायाचं."

बादलीतलं पाणी अंगावर घेताना त्याला ते दुष्काळाचं साल आठवलं. तो तिसरीत असेल. त्या वर्षी जत्रेला मोठी माणसं आली होती, तलावाचं काम निघणार होतं, सगळ्यांना पाऊस हवा होता आणि पावसाचं चांगलं ऐकायचं होतं. आबा चौथऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, पानी न्हाय. मेंढरं लांब न्या. पानी न्हाय. लोक उठून गेले. आणि पाऊस खरंच आला नाही तेव्हा ते जास्तच चिडले. हरिबाच्या जिभेनं पाऊस गेला, म्हणू लागले. मेंढरं बसवायला कुणी शेत देईना. एरवी खत मिळतं म्हणून शेतकरी पायघड्या घालतात, मेंढरं आमच्याच रानात बसवा म्हणून दाणे देतात. त्या साली सगळ्यांनी तोंड फिरवलं. अहाब राजासुद्धा तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस नाही म्हणून सांगणाऱ्या एलीया संदेष्ट्याला भेटला तेव्हा हेच म्हणाला होता, आलास का, इस्राएलला पीडा देणारा तो तूच ना. हे वाचताना धनाजी ग्रंथालयात एकटाच मोठ्यानं हसला होता. त्या साली मात्र कुणी हसलं नव्हतं. एका संध्याकाळी आईनं भाकरीची रिकामी पाटी आबांपुढं ठेवली आणि विचारलं, "मग आता खायाचं काय?" आबांना खाली बघता येईना आणि वर बघता येईना, एवढंच त्याला आठवत होतं. दुसऱ्या सकाळी ते मेंढरं घेऊन कर्नाटकाच्या अंगाला गेले ते दिवाळी करून आले. आई आता नाही. तिचा तो प्रश्न धनाजीच्या कानात इतकी वर्षं तसाच पडून होता, आणि आपण शिकलो, शहरात गेलो, खडू हातात धरला, ते सगळं त्या प्रश्नाला भिऊन, असं त्याला डोक्यावर तांब्या धरलेला असताना वाटलं. अंगावरचं पाणी वाऱ्यानं लगेच वाळलं.

दिवस कलला तशी माणसं जमली. तेरखेड्याहून आणलेल्या दारूचे बार उडाले, मेंढरं एका अंगाला दाटली, पोरं कानात बोटं घालून हसली. ढोल सुरू झाले. गजी नाचणाऱ्यांचे झगे फिरू लागले आणि भंडाऱ्यानं सगळी हवा पिवळी झाली. पांढरी गाडी येऊन लिंबाखाली थांबली. युवराजदादा उतरले, चपला काढल्या, देवाला हात जोडले, आणि पुढं टाकलेल्या खुर्चीवर न बसता आधी म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडले. ते बघून धनाजीला त्यांचा राग यायला हवा होता, तो येईना. आला असता तर बरं झालं असतं. लिंबाच्या फांद्यांना कर्णे बांधले होते, त्यातला एक माळाकडं तोंड करून. माळ मागं पसरलेला होता, पिवळा, उघडा, वाळल्या कुसळांचा. वीस घरांची मेंढरं त्याच्यावर जगत आली. कागदोपत्री तो ग्रामपंचायतीचा, पण देवाचा माळ असंच सगळे म्हणायचे, आणि पवनचक्क्यांच्या ठरावाला ग्रामसभेत हात वर करायचा की नाही हे लोक आता इथून ऐकून जाणार होते.

आबा चौथऱ्यावर चढले. खांद्यावर घोंगडी, कपाळ पिवळं. धनाजी एक पायरी खाली माइक घेऊन उभा राहिला. पोटात भुकेचा खड्डा पडला होता आणि ढोलाचा प्रत्येक ठोका त्यात जाऊन पडत होता. आबा हलू लागले, आधी मान, मग खांदे. कुणीतरी मूठभर भंडारा उधळला, तो धनाजीच्या डोळ्यात गेला आणि डोळा झोंबू लागला. तो पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात अजून बंद असलेला माइक, दुसऱ्यात तारेचं वेटोळं. आबांनी काठी वर उचलली. ढोल आपोआप थांबले, नेहमी थांबतात तसे. शेकडो माणसं गप्प झाली. आबा वाकले आणि त्यांचं तोंड त्याच्या कानाशी आलं. धनाजी त्या भट्टीच्या श्वासाची वाट बघत उभा राहिला.

श्वास साधाच होता. तंबाखूचा वास येणारा, म्हाताऱ्या माणसाचा. काठीवरचं एकही घुंगरू हलत नव्हतं. आबांनी अंगठा पुढं केला आणि त्याच्या पापणीवरचा भंडारा हळूच पुसला, लहानपणी डोळ्यात कुसळ गेलं की पुसायचे तसा. "डोळ्यात गेलं का रं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "सांग. माळ द्या म्हनतो देव. भलं हुईल म्हनावं."

धनाजीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. देव आलेला नव्हता. आबा आबाच होते, शुद्धीवर, सगळं दिसणारे, पोराच्या डोळ्याची आग समजणारे. दुष्काळाच्या साली घरदार उपाशी पडलं तरी ज्यांनी एक शब्द वाकवला नाही, ते आज खोटं बोलत होते, आणि ते धनाजीसाठी. त्यानं न मागितलेल्या गोष्टीसाठी. पण मागितली नव्हती कशी म्हणावं. चेहरा घेऊन आलाच होता की तो, वाळलेला, सगळ्यांना दिसेल असा. त्याला रडू फुटेल असं वाटलं. आता सगळं सोपं होतं. त्याला काहीच इकडचं तिकडं करायचं नव्हतं, ऐकलं तसं सांगायचं होतं, इमानदारीनं. पाप झालंच तर आबांच्या डोक्यावर, आणि आबांनी ते आधीच उचललेलं. मीखायासुद्धा राजापुढं पहिल्यांदा असंच म्हणाला होता, जा, जिंकशील. पण अहाबानं ते ओळखलं. एवढा बदनाम राजा, पण खोटा शब्द त्याच्या कानाला कळला आणि तो म्हणाला, खरं बोल. इथं ओळखणारं कुणी नव्हतं, एक धनाजी सोडून. उलट सांगावं, माळ देऊ नका म्हणावं, तर तेही देवानं सांगितलेलं नव्हतं. मग तो आणि चारशे जण ह्यांत फरक काय, एवढाच की त्यांच्या खोट्याला जेवण होतं. तारेचं वेटोळं हातात घामानं निसटू लागलं. आबांच्या डोळ्यांत घाई होती. म्हण, म्हण लवकर, मला हे फार वेळ उभं राहून जमायचं नाही. आणि त्याला शौलाच्या शेवटाची ती ओळ आठवली, वर्गात तो जी नेहमी भरकन ओलांडून जायचा, कारण तिच्यावर प्रश्न येत नाही: राजानं विचारलं, आणि देवानं उत्तर दिलं नाही, स्वप्नातून नाही, संदेष्ट्याच्या मुखातूनही नाही.

त्यानं माइकचं बटण दाबलं आणि तो तोंडाशी नेला. स्वतःचा श्वास कर्ण्यांतून माळावर गेलेला त्याला ऐकू आला. "देव," तो म्हणाला, आणि थांबला. युवराजदादांनी हात जोडले होते. "देव बोलला न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काय म्हनला?" दुसरा म्हणाला, "न्हाय बोलला म्हनतो." वाडीच्या माहितीत असं कधी झालं नव्हतं. बायांनी पदर तोंडाला लावले. शिवकन्या चुलीपासून उठून उभी राहिली होती आणि तिच्या हाताला पीठ तसंच होतं. युवराजदादांनी जोडलेले हात सोडले, रुमाल काढला, तोंड पुसलं. ते रागावलेले दिसत नव्हते. डोक्यातलं एक नाव पुसून टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यांनी घेतला आणि ते गाडीकडं बघू लागले. धनाजीनं माइक खाली घेतला, छातीशी धरला. आता त्याला वर बघायचं होतं, आबांकडं, आणि त्याला ते धाडस होईना. आपण काय केलं ते त्याला एका वेळी दोन्ही बाजूंनी दिसत होतं. देवाचा शब्द आपण राखला असेल, नसेल. बापानं आयुष्यात पहिल्यांदा हात पुढं करून काही दिलं होतं, ते मात्र आपण सगळ्या गावादेखत परत केलं. आता गाव म्हणणार, हरिबाचा देव गेला. पुढच्या चैत्रात ह्या चौथऱ्यावर कोण उभं राहणार होतं?

आबा अजून वाकलेलेच होते. त्यांनी काठी टेकवली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळ्यांत राग नव्हता. कधीतरी रिकाम्या पाटीपुढं बसलेल्या माणसाचे ते डोळे होते, फक्त आज तो प्रश्न विचारायची पाळी त्यांच्यावर आली होती. माइक चालूच आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, धनाजीच्याही नव्हतं. वर्षभर कुणी न ऐकलेला आबांचा आवाज, खरखरीत, फाटका, चारी कर्ण्यांतून एकदम बाहेर पडला आणि देवळावरून, मेंढरांवरून, माळाच्या टोकापर्यंत गेला.

"मग आता खाशील काय रं, धनाजी?"

सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळ्यांना कळलं, कशासाठी काय चाललं होतं ते, कुणी समजावून न सांगता. युवराजदादा गाडीच्या दाराला हात लावून तसेच उभे राहिले. आबांनी दचकून माइककडं पाहिलं, मग माणसांकडं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की धनाजीनं आपणहून एक पायरी चढून त्यांच्यापुढं उभं राहायचा प्रयत्न केला, निदान लोकांना ते दिसू नयेत म्हणून. ढोलवाले ढोल पोटाशी धरून बसले होते. पिवळी धूळ खाली बसत होती.

बायांच्या घोळक्यातून हरणाबाई आत्या उठल्या. करडू त्यांनी शेजारणीच्या मांडीवर दिलं, गुडघ्यावर हात टेकत सावकाश चौथऱ्यापर्यंत आल्या आणि वर बघितलं.

"घरचं खाईल," त्या म्हणाल्या. "तू उतर खाली, हरिबा." आणि धाकट्या भावाला धरायला त्यांनी हात वर केला.